बेथलेहेमचा राज्याभिषेक

इ. स. ११०० च्या नाताळच्या दिवशी बेथलेहेम येथील ख्रिस्तजन्माच्या देवालयात बूलोनच्या सरदार घराण्यातील बाल्डविन नावाच्या पुरुषास जेरुसलेमचा राजा म्हणून अभिषेक करण्यात आला. ज्या नगरीचे राज्य त्यास मिळाले ती तेथून जेमतेम तीन कोसांवर होती, तिचा किल्ला आणि वेशी त्याच्याच माणसांच्या स्वाधीन होत्या, आणि तरीही समारंभासाठी हे लहानसे गाव निवडले गेले. याचे कारण शोधू लागले, की आदल्या वर्षी घडलेल्या गोष्टीपाशी यावे लागते. १५ जुलै १०९९ रोजी पश्चिम युरोपातून आलेल्या क्रूसेडर सैन्याने जेरुसलेम सर केले, नगरात भयंकर कत्तल केली, आणि नंतर राज्य कोणाच्या हाती द्यावे याचा विचार सुरू झाला, तेव्हा बाल्डविनचा वडील भाऊ गॉडफ्रे याची निवड झाली. परंतु जेथे येशूच्या मस्तकी काट्यांचा मुकुट चढवला गेला तेथे आपण सोन्याचा मुकुट धारण करणार नाही, अशी त्याची भूमिका असल्याचे सांगतात, आणि त्याने राजा हे बिरुद न घेता पवित्र समाधीचा रक्षक म्हणून कारभार पाहिला. एका वर्षाच्या आतच, १८ जुलै ११०० रोजी, तो आजारपणाने वारला. बाल्डविनला राजपदाचा संकोच नव्हता. मात्र भावाने उभी केलेली मर्यादा उघडपणे मोडणे त्यास श्रेयस्कर वाटले नाही. शिवाय ते नगर धर्मपीठाच्या मालकीचे असावे असा हट्ट धरून बसलेला धर्माध्यक्ष दाइम्बर्ट याच्याशीही काही तडजोड करणे भाग होते. बेथलेहेम हे दावीद राजाचे गाव, आणि दाविदाला अभिषेक झाला तोही तेथेच, अशी बायबलातील कथा. तेव्हा जेरुसलेमबाहेर राहूनही राजपदाला सर्वांत प्राचीन आधार मिळेल अशी ही जागा होती, आणि मुकुट चढवला तो त्याच दाइम्बर्टच्या हातून.

पुढील काळच्या युरोपने गॉडफ्रेला वीरपुरुषांच्या मालिकेत बसविले, त्याच्यावर काव्ये रचली, आणि बाल्डविनकडे तुलनेने दुर्लक्ष केले. मला हा निवाडा न्याय्य वाटत नाही. नगर जिंकणे हे त्या सैन्याच्या धर्मावेशाचे काम होते. ते राखणे, त्यास बंदरे, महसूल, रयत आणि कायमची शिबंदी मिळवून देणे, हे निराळ्याच जातीचे काम होते, आणि ते अठरा वर्षे अखंड ज्याने केले तो पुरुष संत नव्हता. त्याच्या हातून घडलेल्या काही गोष्टी तर वाचवत नाहीत. तथापि त्या गोष्टी आणि ते राज्य ही एकाच स्वभावाची फळे आहेत, आणि म्हणून त्या स्वभावाचा मागोवा आरंभापासून घेतला पाहिजे.

बाल्डविन हा बूलोनचा काउंट दुसरा युस्टास आणि लोरेनची इडा यांचा तिसरा मुलगा. थोरल्या युस्टासला बापाची जहागीर मिळाली, मधल्या गॉडफ्रेला आईकडील मुलूख, आणि तिसऱ्यासाठी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धर्मसंस्थेची वाट मोकळी ठेवली गेली. त्यास व्याकरणादी विद्यांचे शिक्षण देण्यात आले. रीम्स, कांब्रे आणि लिएज येथील मोठ्या देवालयांकडून त्यास वतनवजा वृत्तीही मिळत होत्या. पुढे कधीतरी त्याने धर्मवस्त्रे उतरवली, शस्त्र धरले आणि टोझ्नीच्या नॉर्मन घराण्यातील गोदेहिल्द हिच्याशी विवाह केला. परंतु त्या शिक्षणाचा ठसा त्याच्यावर कायम राहिला. टायरचा धर्माध्यक्ष विल्यम याने पुढे लिहिलेल्या इतिहासात त्याचे जे वर्णन केले आहे ते मोठे प्रत्ययकारी आहे: उंची इतरांपेक्षा डोके वर काढील अशी, दाढी व केस काळसर, वर्ण गोरा, नाक बाकदार, वरचा ओठ किंचित पुढे आलेला, चालणे-बोलणे गंभीर, आणि खांद्यावरून नेहमी झगा सोडलेला असल्यामुळे अनोळखी माणसास हा योद्धा नसून कोणी धर्माध्यक्षच असावा असे वाटे. ज्यास घरच्या वाटणीत काहीच आले नव्हते अशा या धाकट्या मुलाने आपले राज्य शोधण्यासाठी दीड हजार कोस पायपीट केली, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या घटनांचा अर्थ लागू लागतो.

नोव्हेंबर १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडील मोहिमेचे आवाहन केले आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गॉडफ्रेच्या सैन्याबरोबर बाल्डविन व त्याची पत्नी निघाली. हंगेरीच्या सरहद्दीवर राजा कोलोमन याने, आधी गेलेल्या टोळ्यांनी केलेल्या लुटालुटीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे, सैन्य पार होईपर्यंत बाल्डविन, त्याची पत्नी आणि परिवार यांस ओलीस ठेवून घेतले. कॉन्स्टंटिनोपल येथे सम्राट अलेक्सियसच्या दरबारात शपथविधी चालू असता एक उद्धट सरदार खुद्द सम्राटाच्या सिंहासनावर जाऊन बसला, तेव्हा त्याचा हात धरून त्यास खाली उतरवणारा आणि परक्या दरबारी तेथील रीत पाळावी असे खडसावणारा बाल्डविनच होता. ही हकीकत सम्राटाची विदुषी कन्या अन्ना कोम्नेना हिने नोंदली आहे. सिंहासनाची अदब काय असते, हे ज्याच्याजवळ बोटभर जमीन नव्हती त्या माणसास चांगले कळत होते.

१०९७ च्या शरद ऋतूत मुख्य सैन्य अनातोलियाच्या पठारावरून अँटिओककडे वळले असता बाल्डविन आणि इटलीतील नॉर्मन घराण्याचा तरुण तांक्रेड हे दोघे वेगवेगळ्या तुकड्या घेऊन सिलिशियाच्या सखल प्रदेशात उतरले. तार्सस शहरापाशी तांक्रेड आधी पोहोचला होता. मागून अधिक बळ घेऊन आलेल्या बाल्डविनने त्यास तेथून हुसकावून लावले. नंतर तांक्रेडच्या मदतीस आलेले सुमारे तीनशे नॉर्मन शिपाई संध्याकाळी वेशीपाशी येऊन आसरा मागू लागले. बाल्डविनने वेस उघडली नाही. ते लोक तटाबाहेर उघड्यावर झोपले आणि रात्री तुर्कांनी त्यांची कत्तल केली. सकाळी हे कळताच बाल्डविनचे स्वतःचे शिपाई त्याच्यावर इतके खवळले, की काही काळ त्यास बुरुजात आश्रय घ्यावा लागला. सहधर्मी, सहप्रवासी आणि एकाच ध्येयाची शपथ घेतलेली माणसे एका शहराच्या मालकीपायी त्याने मृत्यूच्या तोंडी दिली. या कृत्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होऊ शकत नाही. त्याच सुमारास मराश येथे मागे राहिलेली गोदेहिल्द आजारी पडून वारली, आणि सासरच्या इस्टेटीची जी काही आशा त्यास युरोपात होती तीही संपली.

तेथून त्याने मुख्य सैन्याचा मार्ग सोडून दिला आणि युफ्रेटिसच्या दिशेने कूच केले. त्या प्रदेशात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांची वस्ती मोठी होती, तुर्क अमिरांच्या दबावाने ते त्रासलेले होते, आणि एडेसाचा वृद्ध, निपुत्रिक अधिपती थोरोस याने बाल्डविनला मदतीसाठी बोलावणे धाडले. फेब्रुवारी १०९८ मध्ये तो एडेसात शिरला तेव्हा त्याच्याबरोबर अवघे ऐंशी स्वार होते, असे त्याचा धर्मगुरू फुल्चर, जो स्वतः त्या वाटेवर त्याच्यासोबत होता, सांगतो. केवळ भाडोत्री सेनापती म्हणून राहण्यास बाल्डविन तयार नव्हता, म्हणून थोरोसने त्यास दत्तक घेतले. हा दत्तकविधी तेथील पद्धतीने झाला: एकाच सैल अंगरख्यात बाप आणि मुलगा या दोघांनी शिरावयाचे आणि उघड्या छातीस छाती भिडवावयाची, मग हाच विधी मानलेल्या आईबरोबरही. पुढे काही आठवड्यांतच नगरजनांनी थोरोसविरुद्ध बंड केले, तटावरून उतरून पळू पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्यास ठार मारले, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाल्डविन एडेसाचा काउंट झाला. कटाची त्यास पूर्वकल्पना होती असे आर्मेनियन इतिहासकार मॅथ्यू स्पष्ट म्हणतो. फुल्चर मात्र आपला धनी या घटनेने दुःखी झाल्याचे लिहितो. ज्याच्या छातीस छाती लावून पुत्रत्व स्वीकारले त्या पित्यास वाचविण्यासाठी त्याने तलवार उपसली नाही, एवढे दोन्ही बाजूंच्या लेखनावरून निश्चित दिसते.

एडेसाची ही प्राप्ती पुढे साऱ्या मोहिमेस उपयोगी पडली. मे १०९८ मध्ये मोसुलचा सेनापती केरबोगा प्रचंड फौज घेऊन अँटिओककडे निघाला असता वाटेत तीन आठवडे तो एडेसाच्या तटाशी झुंजत राहिला. तेवढ्या अवधीत अँटिओक क्रूसेडरांच्या हाती पडले. बाल्डविनने एका आर्मेनियन सरदाराच्या कन्येशी विवाह केला, साठ हजार सुवर्णनाण्यांचा हुंडा ठरला, त्यातील सात हजारच हाती आली. समोसाता हे ठाणे त्याने लढून नव्हे, तर दहा हजार सुवर्णनाणी मोजून घेतले. जेथे तलवारीने काम भागत नाही तेथे पैसा, जेथे पैसा नाही तेथे सोयरीक, ही त्याची राजनीती एडेसातच पक्की झाली.

गॉडफ्रेच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हाची त्याची मनःस्थिती फुल्चरने ज्या प्रांजळपणे लिहिली आहे, त्यामुळे त्या धर्मगुरूविषयी आदर वाटतो: भावासाठी त्यास थोडे दुःख झाले आणि वारशासाठी अधिक आनंद. एडेसा आपला नातलग बूर्कचा बाल्डविन याच्या हवाली करून २ ऑक्टोबर ११०० रोजी सुमारे दोनशे स्वार आणि सातशे पायदळ घेऊन तो दक्षिणेस निघाला. बैरूतच्या उत्तरेस नहर-अल-कल्ब नदीपाशी डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि वाट इतकी चिंचोळी होते, की मूठभर माणसे लष्कर अडवू शकतात. दमास्कसचा अमीर दुकाक तेथे दबा धरून बसला होता. त्रिपोलीच्या काझीने बाल्डविनला आगाऊ सूचना दिली होती, तरी वाट दुसरी नव्हती. त्या रात्री वर डोंगरावरून आणि खाली समुद्रातील गलबतांवरून बाणांचा मारा होत असता, आपण येथे असण्यापेक्षा शार्त्र किंवा ऑर्लियाँला असतो तर किती बरे झाले असते, असे फुल्चरच्या मनात आले, आणि ते त्याने लपवले नाही. सकाळी बाल्डविनने माघारीचा बहाणा केला, शत्रूस अडचणीच्या जागेतून मोकळ्या मैदानात ओढले आणि एकदम उलटून हल्ला चढवला. वाट मोकळी झाली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी बेथलेहेमचा अभिषेक झाला.

परंतु अभिषेक झाला तो कशाचा? फुल्चरच्या सांगण्याप्रमाणे जेरुसलेम, रामला, याफा आणि हैफा एवढी ठाणी राखण्यास तेव्हा जेमतेम तीनशे स्वार आणि तेवढेच पायदळ होते. मोहिमेवर आलेले बहुतेक लोक नवस फेडून घरी परत गेले होते. दक्षिणेस अस्कलोनच्या बळकट बंदरात इजिप्तच्या फातिमी खिलाफतीची फौज, पूर्वेस दमास्कस, आणि युरोपशी जोडणारा धागा म्हणजे याफाचा एक खडकाळ, असुरक्षित धक्का. सेवुल्फ नावाचा यात्रेकरू ऑक्टोबर ११०२ मध्ये तेथे उतरला आणि दुसऱ्याच दिवशी वादळ झाले. किनाऱ्याशी नांगरलेल्या तीस मोठ्या जहाजांपैकी जेमतेम सात वाचली, आणि हजाराहून अधिक माणसे डोळ्यांदेखत बुडाली, असे त्याने लिहिले आहे. याफाहून जेरुसलेमला जाणाऱ्या डोंगरी वाटेवर लुटारूंच्या भयाने पुरावयासही कोणी न थांबल्यामुळे प्रेते उघडी पडलेली त्याने पाहिली. पवित्र नगरीचे राज्य ते हे असे होते.

बाल्डविनने हा प्रश्न अचूक ओळखला. माणसे, धान्य, घोडे, लाकूड, पैसा, सारे समुद्रावरून येणार. म्हणून किनारा हातात नसेल तर जेरुसलेम हे डोंगरावरचे एक वेढलेले देवस्थान राहील. स्वतःजवळ आरमार नसल्यामुळे त्याने जिनोआच्या व्यापारी ताफ्याशी करार केला: जे शहर त्यांच्या मदतीने सर होईल त्याच्या लुटीचा तिसरा हिस्सा आणि त्या शहरातील एक पेठ त्यांना कायमची इनाम. ११०१ च्या वसंतात आर्सुफ शरण आले. कैसरियाने शरणागती नाकारली आणि ते हल्ला करून घेण्यात आले. तेथील मोठ्या मशिदीत आश्रयास गेलेल्या लोकांची जी हत्या झाली तिचे वर्णन वाचताना आजही मन विदीर्ण होते. रहिवाशांनी सोन्याची नाणी गिळली असतील या संशयाने प्रेतांचे ढीग जाळून राख चाळली गेली; स्त्रियांना जिवंत ठेवले ते जाती दळण्याच्या कामासाठी. त्या लुटीत जिनोआच्या वाट्यास हिरव्या रंगाचे एक षट्कोनी पात्र आले. पाचूचे समजून त्यांनी ते मायदेशी नेले, पुढे ते काचेचे ठरले, आणि आजही ते जिनोआच्या सान लोरेंझो देवालयात जतन केलेले आहे.

याच क्रमाने २६ मे ११०४ रोजी आक्रा, मे १११० मध्ये बैरूत, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नॉर्वेचा तरुण राजा सिगुर्ड याच्या जहाजांच्या साह्याने सैदा हस्तगत झाले. आक्रा येथे रहिवाशांस मालमत्तेसह सुरक्षित जाऊ देण्याचा तह झाला असताही जिनोआच्या खलाशांनी बाहेर पडणाऱ्या लोकांवर तुटून पडून लूट व खून केले. दिलेले वचन आपल्याच मित्रांनी मोडले म्हणून बाल्डविन त्यांच्यावर शस्त्र धरण्यास निघाला होता. जेरुसलेमच्या तत्कालीन धर्माध्यक्षाने मध्ये पडून ते प्रकरण मिटवले. कैसरियापासून आक्रापर्यंतच्या तीन वर्षांत वचनाची किंमत त्यास कळू लागली होती, असे मी यावरून समजतो. टायर आणि अस्कलोन मात्र त्याच्या हयातीत पडले नाहीत.

शौर्य आणि अविचार यांच्यातील अंतर त्याच्या ठायी फारच थोडे होते. सप्टेंबर ११०१ मध्ये २६० स्वार आणि ९०० पायदळ यांच्या बळावर त्याने रामलाच्या मैदानात इजिप्तच्या कितीतरी मोठ्या फौजेस पिटाळले. या यशाने धीट होऊन, मे ११०२ मध्ये त्याच मैदानात, पायदळाची वाटही न पाहता सुमारे दोनशे स्वारांनिशी तो धावून गेला, आणि समोर किती सैन्य आहे हे कळले तेव्हा परत फिरण्यास अवकाश उरला नव्हता. वाचलेले लोक रामलाच्या गढीत कोंडले गेले. त्या रात्रीविषयी टायरच्या विल्यमने एक कथा दिली आहे: पूर्वी एका स्वारीत हाती सापडलेल्या एका अरब सरदाराच्या आसन्नप्रसव पत्नीस बाल्डविनने आपला झगा अंगावर घालून, अन्नपाणी, दासी आणि दुधासाठी सांडण्या देऊन सोडले होते, त्या उपकाराची फेड म्हणून तो सरदार अंधारात गढीपाशी आला आणि राजास बाहेर पडण्याची वाट त्याने दाखविली. ही कथा अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर लिहिलेली आहे, तेव्हा तिला शब्दशः इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु अशी कथा ज्याच्याभोवती गुंफली गेली तो केवळ क्रूर म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला नव्हता, एवढे ती सांगते. बाल्डविन आपल्या वेगवान घोडीवर बसून निसटला, दोन दिवस डोंगरात भटकून आर्सुफला पोहोचला. मागे गढीत राहिलेल्यांत ब्लोआचा काउंट स्टीफन मारला गेला. अँटिओकच्या वेढ्यातून पळाल्याचा कलंक धुण्यासाठी, पत्नीच्या आग्रहावरून, तो दुसऱ्यांदा पूर्वेस आला होता.

इकडे याफाच्या तटाखाली इजिप्तच्या सैनिकांनी चेहऱ्याने राजासारख्या दिसणाऱ्या एका सरदाराचे मस्तक भाल्यावर मिरवले. राणी आणि नगरजन राजा गेला असे समजून समुद्रमार्गे पळण्याचा विचार करू लागले. इतक्यात गॉड्रिक नावाच्या इंग्रज चाच्याच्या लहान जहाजातून शत्रूच्या गलबतांची फळी चुकवीत बाल्डविन बंदराशी आला आणि आपण जिवंत आहोत हे दिसावे म्हणून त्याने आपले निशाण भाल्यास बांधून उंच धरले. थोड्याच दिवसांत यात्रेकरूंचा मोठा ताफा येऊन पोहोचला आणि वेढा उठवला गेला.

लढायांची यादी वाढविण्यात अर्थ नाही. त्याच्या कारभारातील दोन गोष्टी मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात. दमास्कसचा तुघतेगिन याच्याशी त्याने केलेल्या तहात सरहद्दीवरील सवादच्या सुपीक प्रदेशाच्या उत्पन्नाचे तीन भाग ठरले: एक तुर्कांचा, एक फ्रँकांचा, म्हणजे बाल्डविनच्या लोकांचा, आणि एक रयतेचा. ज्या दोन सत्ता एकमेकींचा उच्छेद हेच धर्मकर्तव्य मानीत होत्या, त्यांना पेरणी करणारा कुळंबी जगला तरच आपला वसूल चालू राहील हे उमगले होते, आणि तसे त्यांनी मान्यही केले. दुसरी गोष्ट जेरुसलेमची. १०९९ च्या कत्तलीने नगर इतके ओस पडले होते, की नव्या वस्तीने एक रस्ताही धड भरत नव्हता. रात्री तटावर पहारा द्यावयास माणूस मिळेना. बाल्डविनने जॉर्डनपलीकडील गावांतून सीरियन ख्रिस्ती कुटुंबे, त्यांची गुरेढोरे आणि चीजवस्तूंसह, बोलावून घेतली आणि त्यांस घरे दिली. १११५ मध्ये मृत समुद्राच्या दक्षिणेस शोबक येथे त्याने बांधलेला माँरेआल किल्ला, ज्यामुळे दमास्कस-इजिप्त हमरस्त्यावरील काफिल्यांची जकात त्याच्या खजिन्याकडे वळली, आणि पुढच्या वर्षी तांबड्या समुद्राच्या काठी अकाबापर्यंत मारलेली मजल, ही सारी त्याच धोरणाची पुढील पावले होत.

मात्र पैशाची तंगी त्याच्या मागे कायम लागली होती, आणि तिच्यापायी त्याने केलेले एक कृत्य त्याच्या राज्यास पुढे दीर्घकाळ भोवले. आर्मेनियन राणीस त्याने आधीच जेरुसलेममधील सेंट ॲनच्या मठात ठेवले होते. ती पुढे कॉन्स्टंटिनोपलला निघून गेली. १११३ मध्ये त्याने सिसिलीची धनाढ्य राजमाता अॅडिलेड हिच्याशी विवाह केला. द्रव्य, शस्त्रे आणि धान्य यांनी भरलेली जहाजे घेऊन ती आक्राला उतरली. संतती न झाल्यास राज्य तिचा पुत्र रॉजर याजकडे जावे असा करार होता. आर्मेनियन पत्नी जिवंत असता केलेला हा विवाह धर्मदृष्ट्या अवैध होता हे सर्वांस माहीत होते, तरी तिचे द्रव्य खर्च होईपर्यंत कोणी आवाज काढला नाही. १११७ मध्ये राजा मरणाच्या दारी टेकला, तेव्हा मात्र पापातून मोकळे होण्याची घाई झाली, विवाह रद्द ठरवला गेला आणि त्या वयस्क स्त्रीस रिकाम्या हातांनी परत पाठविण्यात आले. एका वर्षाच्या आत ती वारली. जिच्या पैशावर शिबंदीचे पगार चुकते झाले तिला अशी वागणूक देणे हा निव्वळ विश्वासघात होता. रॉजर पुढे सिसिलीचा बलाढ्य राजा झाला, त्याच्यापाशी भूमध्य समुद्रातील एक मोठे आरमार होते, आणि इतर ख्रिस्ती राजांनी केली तशी मदत त्या घराण्याने जेरुसलेमला दीर्घकाळ केली नाही, याची कारणमीमांसा टायरच्या विल्यमने याच अपमानात शोधली आहे.

मार्च १११८ मध्ये लहानशी फौज घेऊन बाल्डविन इजिप्तच्या सरहद्दीत शिरला आणि त्याने नाईलच्या मुखाजवळील फरमा हे शहर घेतले. तेथेच त्यास दुखणे जडले. जुनी जखम उलटली असे म्हणतात. डोलीतून परत आणीत असता, २ एप्रिल रोजी, अल-अरीश येथे तो मरण पावला. आपले शव शत्रूच्या भूमीत पुरू नये, विटंबना होईल, अशी त्याची विनवणी होती. उन्हाळ्यात एवढ्या दूर शव नेणे अशक्य म्हणून सोबतचे कचरू लागले, तेव्हा त्याने आपला आचारी ओडो यास जवळ बोलावून पोट कसे चिरावे, आतडी कशी काढावी, आत-बाहेर मीठ कसे भरावे, डोळे, तोंड आणि कान यांतही ते कसे घालावे, हे स्वतः समजावून सांगितले. तसेच करण्यात आले. आतडी पुरली त्या किनाऱ्यावरील खारसरोवरास आजही त्याच्या नावावरून बरदविल म्हणतात. मीठ भरलेला देह जेरुसलेमला पोहोचला त्या दिवशी, ७ एप्रिलला, झावळ्यांचा रविवार होता, आणि ऑलिव्ह टेकडीवरून उतरणारी सणाची मिरवणूक व राजाची तिरडी यांची गाठ वाटेतच पडली. पवित्र समाधीच्या देवालयात गॉडफ्रेच्या शेजारी त्याचे दफन झाले.

त्यास अपत्य नव्हते. काही सरदारांनी वडील बंधू युस्टास यास बूलोनहून आणण्यासाठी माणसे पाठविली, परंतु योगायोगाने त्याच वेळी यात्रेस आलेल्या बूर्कच्या बाल्डविनच्या बाजूने बहुमत झाले आणि ईस्टरच्या दिवशी त्यास राजपदाचा अभिषेकही झाला. युस्टास तेव्हा इटलीच्या दक्षिण टोकास, अपुलियात, पोहोचला होता. नातलगाची निवड झाल्याचे तेथे त्यास कळले; बरोबरच्या लोकांनी पुढे जाऊन हक्क सांगण्याचा आग्रह धरला, पण आपल्या भावांनी ज्या राज्यासाठी प्राण वेचले तेथे आपल्या नावाने यादवी माजू नये असे म्हणून तो तेथूनच बूलोनला परत फिरला.